किप्सेली, चौथा मजला, एक बेडरूम

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांना वाटू दे. मी कुणाशी वाद घालणार नाही.

मी एवढंच सांगते, की थालियाला मी अकरा वर्षं ओळखते. अथेन्सच्या किप्सेली भागातल्या एका बेकरीत आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायचो. पहाटे चारला भट्टीसमोर येणारी बाई. हात भाजला तरी हूं नाही की चूं नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. ती एके दिवशी पिठाच्या पोत्यावर बसून थरथर कापत होती, आणि तिने जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते आहे.

हे घडलं तो दिवसही सांगते, पोत्यावर बसली त्याच्या आदला. बुधवार, सोळा नोव्हेंबर. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. बाहेर लख्ख ऊन होतं.

पण याची सुरुवात महिनाभर आधी झाली...

नवऱ्याला सोडून आल्यावर थालिया आठ महिने थोरल्या बहिणीकडे सोफ्यावर झोपत होती. बहिणीचं नाव मिर्सिनी. सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा थालियाच्या वेण्या घालण्यापासून तिला शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं मिर्सिनीनेच केलेलं. थालियाच्या लेखी ताई म्हणजे दुसरी आईच. दोघींचा आवाज तर इतका सारखा, की फोनवर मिर्सिनीचा नवराही फसायचा. बायको समजून मेहुणीलाच "येताना दूध आण" म्हणायचा.

एके दिवशी मिर्सिनी म्हणाली, "तुझ्यासाठी जागा बघितलीय. किप्सेलीत. एक बेडरूम, स्वयंपाकघर, छोटी बाल्कनी. बेकरीपासून चालत सात मिनिटं."

"ताई, मला परवडेल का?"

"परवडेल. मालक ऑस्ट्रेलियात असतो, माझ्या ओळखीचा आहे. त्याला भाड्यापेक्षा जागा उघडी राहायला हवीय. डोळे मिटून हो म्हण."

"एवढी घाई? कंटाळलीस ना मला?"

"माझा सोफा कंटाळलाय बये. स्प्रिंगा बघ त्याच्या!"

दोघी हसल्या. थालियाला वाटलं, जगात आपलं कुणी आहे तर ही एक.

सामान न्यायला मिर्सिनीने रविवारची सकाळ ठरवली. "सगळे चर्चमध्ये असतात. लिफ्ट मोकळी मिळते," म्हणाली.

जागा खरंच छान होती. पांढऱ्या भिंती. बेडरूममध्ये जुना लाकडी पलंग. स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडणारी. कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळावं अशी.

दोनच गोष्टी थालियाला जरा खटकल्या.

एक म्हणजे मुख्य दाराला बाहेरच्या बाजूने चार भोकं होती. लांबी भरून वरून रंग मारलेला. बाहेरून कधीतरी कडी लावलेली असावी, तशी.

"घराला बाहेरून कडी कशाला गं लावतात, ताई?"

"जुनी दारं अशीच असतात."

आणि दुसरी म्हणजे, मिर्सिनी आत आलीच नाही.

खोकी उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायची आणि मागे सरकायची. "माझे बूट मळलेत" म्हणाली. थालियाने "काढून ये की" म्हटलं, तर "उशीर होतोय" म्हणून लिफ्टमध्ये शिरली. जाताना बहिणीला घट्ट मिठी मारली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

तिचे डोळे भरून आले होते.

थालियाला वाटलं, मायेने.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. थालिया दुपारी दोनला घरी यायची, दोन घास खायची आणि तीनला आडवी व्हायची. त्या वेळी सगळं अथेन्स आडवं होतं. रेडिओ बंद, पडदे ओढलेले. तीननंतर शहाणा माणूस कुणाचं दार वाजवत नाही.

चौथ्या दिवशी तिला जाग आली.

टक्...

थोडा वेळ काहीच नाही.

टक्... टक्...

काठी टेकत कुणीतरी चालत होतं. बेडरूमच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. मग थांबणं. मग परत.

वरच्या मजल्यावर म्हातारं माणूस असेल, म्हणून तिने कूस बदलली.

संध्याकाळी कपडे वाळत घालायला ती जिना चढून वर गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं...

वर मजलाच नव्हता. नुसती गच्ची होती. तारा, आणि कबुतरांची घाण.

दुसऱ्या दिवशी तिने खिडक्या नीट लावल्या. दमली होती, लगेच डोळा लागला. अर्धवट झोपेत कानावर आवाज आला. बाईचा, म्हातारा, घसा कोरडा पडलेला.

"आलीस का गं?"

माणूस झोपेत जसं उत्तर देतो, तसं थालिया पुटपुटली, "हो... आले."

आणि ताडकन उठून बसली.

खोलीत कुणी नव्हतं. पण स्वयंपाकघरात कुणीतरी लांब श्वास सोडला. खूप वेळ वाट पाहून सुटका झाल्यावर माणूस सोडतो, तसा.

तिने मिर्सिनीला फोन लावला. हसण्यावारी नेत सगळं सांगितलं.

मग मिर्सिनीने विचारलं, "तू उत्तर दिलंस?"

असं काही ऐकल्यावर माणूस पहिलं हे विचारतो का?

"दिलं. झोपेत. का गं?"

"काही नाही. दमली आहेस तू. झोप काढ." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "मला तर हल्ली छान झोप लागते."

त्यानंतर रोज तीन वाजता काठी वाजू लागली. थालियाने बेकरीत कुणालाच सांगितलं नाही. नवरा सोडून आलेली बाई, त्यात भुतं दिसतात म्हटलं तर लोक काय म्हणतील? शिवाय घाबरून सोफ्यावर परत जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आठव्या दिवशी आवाज पुन्हा आला. पलंगाच्या अगदी जवळून.

"मिर्सिनी..."

थालिया उठून बसली.

"मिर्सिनी, पाणी दे गं."

तिच्या बहिणीचं नाव. या घरात. या आवाजात.

दुसरी कुणी असती तर जिना उतरून पळाली असती. थालियाही पळणार होती. पण ती मला म्हणाली, "अगं, तो आवाज भीती घालणारा नव्हताच. तहानलेला होता."

ती उठली. ग्लासभर पाणी भरून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. साडेपाचला रस्त्यावर स्कूटर सुरू झाल्या, दुकानांची शटरं वर गेली, तेव्हा आत आली.

ग्लास रिकामा होता.

काठावर ओठांचा ओला ठसा होता.

ती मग रोज पाणी ठेवू लागली. बहिणीचं नाव का, हा प्रश्न मात्र तिचा जीव पोखरत राहिला. फोनवर विचारायची हिंमत होईना. उत्तर काय येईल, याचीच भीती.

उत्तर खालच्या मजल्यावरून आलं.

तिथे पोलिक्सेनी नावाची विधवा बाई राहायची. सत्तरीची, गुडघे धरलेले. एका रविवारी अकराच्या सुमारास ती बशीत कडू संत्र्याचा मुरांबा घेऊन वर आली. नव्या बिऱ्हाडकरूचं तोंड गोड करायला.

"या ना मावशी, बसा," थालिया म्हणाली.

पोलिक्सेनीच्या हातातल्या बशीतला चमचा खाली पडला.

"काय झालं?"

"काही नाही पोरी. तुझा आवाज... इथे यायची ना, तिच्यासारखा अगदी."

"कोण यायची?"

म्हातारीला सांगायचं नव्हतं. पण थालियाने तिला खुर्चीत बसवलं, कॉफी केली, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं.

या घरात कलिरोई नावाची बाई राहायची. ब्याऐंशीची. डोळे पार गेलेले. मुलगा मेलबर्नला. त्याने तिच्या देखभालीला एक बाई ठेवली होती. दुपारी तीनला यायची, खाऊपिऊ घालायची, न्हाऊ घालायची. स्वभावाने चांगली, गोड बोलणारी. पण कलिरोई एकदा काठी टेकत रस्त्यावर गेली होती. तेव्हापासून ती बाई जाताना दाराला बाहेरून कडी घालायची.

"मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये," पोलिक्सेनी म्हणाली, "मरियमचा सण आला. तुला माहितीय, पंधरा ऑगस्टला इथे चिटपाखरूही नसतं. सगळी इमारत गावी. मीही गेले. मला वाटलं, ती बाई आहे ना. आणि ती बाईही गेली. कुठल्याशा बेटावर, म्हणे. चार दिवस."

"कडी घालून?"

पोलिक्सेनीने मानेनेच हो म्हटलं.

"स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. डक्टमध्ये तोंड करून हाका मारत असणार बिचारी. ऐकायला होतं कोण? त्यात ते ऊन... मी परत आले तेव्हा दारात वास होता. कडी मीच काढली, या हातांनी. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. कडीबद्दल कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. मुलगा येणार होता, त्याला कोणत्या तोंडाने सांगू? आणि मीसुद्धा गेलेच होते ना गं तिला टाकून?"

ती रडू लागली. थालिया रडली नाही. तिने फक्त विचारलं, "त्या बाईचं नाव?"

ताई पूर्वी दुपारी कुणा म्हातारीकडे कामाला जायची, त्यामुळे ते तिला माहीत होतंच. तरीही ऐकल्यावर तिने टेबलाची कड घट्ट धरली.

त्याच दिवशी ती बहिणीच्या घरी गेली. मिर्सिनी स्वयंपाकघरात पालक निवडत होती. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. वर्षभरात दिसली नव्हती इतकी ताजी दिसत होती.

"कलिरोई," थालिया म्हणाली. एवढंच.

मिर्सिनीच्या हातातली सुरी थांबली.

तिने नाकारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने उठून आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग बोलायला लागली.

"मला वाटलं दोनच दिवस. मग वाऱ्यामुळे बेटावरच्या बोटी बंद झाल्या. मी शेजारणीला फोन करणार होते. पण कडीचं सांगावं लागलं असतं... थालिया, वर्षभर मी कसे दिवस काढले मला माहीत. रोज दुपारी तीनला आपल्या घराची बेल वाजायची. इंटरकॉम उचलला की तीच. 'मिर्सिनी, आज येणार ना गं?' तू सोफ्यावर झोपलेली असायचीस. तुला कधीच ऐकू आलं नाही. फक्त मला."

"मग मला तिथे का पाठवलंस?"

मिर्सिनीने पालकाची जुडी पुढे ओढली.

"ताई, मी विचारतेय. का?"

"तिला दिसायचं नाही. ती आवाज ओळखायची. पावलं ओळखायची. तुझा आवाज माझाच आहे. मला वाटलं, रोज दुपारी कुणीतरी दार उघडून आत आलं, तर तिला वाटेल मीच आले. ती शांत होईल. आणि खरंच झाली गं! तू गेल्यापासून बेल वाजली नाही. एकदाही नाही. तुला तर काही केलं नाही ना तिने?"

थालियाची नजर तिच्या हातांवर गेली. याच हातांनी हिने आपल्या वेण्या घातल्या होत्या.

"केसाने गळा कापलास ताई," ती म्हणाली. "ती गेली ती तुझ्या चुकीने. चूक माणसाकडून होते. पण मला तू समजूनउमजून नेऊन बसवलंस. जाळ्यात दाणा टाकतात तसं. वर मिठी मारलीस."

"मी कुठे जाणार होते? तू एकटी आहेस, तुला काय..."

वाक्य अर्धंच राहिलं. पण जे कळायचं ते कळलं. तुला ना नवरा, ना मूल. तुझं काय एवढं!

थालिया उठली. "बुधवारी मला सुट्टी आहे. तीनला तू तिथे यायचंस. आत येऊन तिला सांगायचं की तू आलीस. माफी मागायची. नाही आलीस, तर मी तिच्या मुलाला फोन करते. कडीसकट सगळं सांगते."

बुधवारी मिर्सिनी आली.

काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात चर्चमधली मेणबत्ती. लिफ्टमध्ये दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. थालियाने दार उघडलं आणि बाजूला झाली. मिर्सिनी उंबऱ्याशी अडली. थालियाने तिचा हात धरून तिला आत ओढलं. तो हात बर्फासारखा गार होता.

तीन वाजले.

खालचा रेडिओ बंद झाला. कुठेतरी पडदा ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही.

टक्...

मिर्सिनीने डोळे गच्च मिटले.

टक्... टक्...

काठी बेडरूममधून निघाली. सावकाश. दोघींपासून दोन हातांवर येऊन थांबली. तिथे ऊन पडलेली फरशी होती, बाकी काहीच नव्हतं. पण साबणाचा आणि औषधाचा वास आला. म्हाताऱ्या अंगाला येतो, तसा.

"बोल," थालिया कुजबुजली.

मिर्सिनीचे ओठ हलले. "कलिरोई मावशी... मी आले. मिर्सिनी. मला माफ करा. मी यायला हवं होतं..."

शांतता.

मेणबत्तीचं मेण फरशीवर टपकलं, तोही आवाज ऐकू आला.

मग ती म्हातारी बोलली. अगदी साध्या आवाजात. घरात पाहुणा आल्यावर विचारावं, तशी.

"ही कोण गं?"

मिर्सिनीने डोळे उघडले.

"थालिया... ही कोण आलीय तुझ्याबरोबर?"

थालियाने त्या घरात स्वतःचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. दारावर पाटी नव्हती. पोलिक्सेनीही तिला पोरी म्हणायची.

"हिला जाऊ दे," आवाज म्हणाला. "तू पाणी आण."

थालियाने बहिणीकडे पाहिलं. आणि जे दिसलं ते ती कधीच विसरणार नाही म्हणते. काठीचा आवाज नाही, तो वास नाही, रिकामा ग्लासही नाही. तिला आठवतो तो ताईचा चेहरा.

मिर्सिनीचा चेहरा उजळला होता.

सुटल्याचा आनंद. लपवता न येणारा. तिने हात सोडवून घेतला, एक पाऊल मागे टाकलं, दुसरं टाकलं, आणि उंबऱ्याबाहेर गेली.

"तिला माझं नाव कुणी सांगितलं?" थालियाने विचारलं. "ताई! तिला माझं नाव कुणी सांगितलं?"

मिर्सिनीने लिफ्टचीही वाट पाहिली नाही. जिन्यावरून तिच्या बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला.

थालियाने काय केलं असेल? तिने पाणी भरलं. स्टुलावर ठेवलं. हात जोडून म्हणाली, "मावशी, मला जाऊ द्या. मी तुमची कुणी नाही." आणि पर्स तेवढी उचलून बाहेर पडली. मागून कुणी हाक मारली नाही. काठीही वाजली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बेकरीत आली, तेव्हा अंगावर तेच कपडे होते. तेव्हाच ती पोत्यावर बसून मला हे सगळं बोलली. सामान मी आणि माझा नवरा जाऊन घेऊन आलो, सकाळच्या वेळी. आम्हाला काही दिसलं नाही. स्टुलावरचा ग्लास मात्र रिकामा होता.

तिने मेलबर्नला फोन केला. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. जागा अजून रिकामी आहे. त्याने पुन्हा भाड्याने दिली नाही.

थालिया अथेन्स सोडून दुसऱ्या गावी गेली. कुठे ते मी लिहिणार नाही. तिथेही बेकरीच, पण आता ती मुद्दाम दुपारची पाळी करते. तीनला तिच्या आजूबाजूला माणसं असतात, यंत्रं चालू असतात. दीड वर्ष तिला काहीच ऐकू आलं नाही. बहिणीशी तिने बोलणं टाकलं. नवा पत्ता फक्त दोघांकडे होता, माझ्याकडे आणि त्यांच्या म्हाताऱ्या मामाकडे.

मागच्या मंगळवारी तिचा मला फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

मिर्सिनीने मामाकडून नंबर मिळवला होता. पत्ताही. दीड वर्षाने दोघी पहिल्यांदाच बोलल्या. मिर्सिनी रडत होती. म्हणाली, "परत बेल वाजायला लागलीय. रोज तीनला. पण ती मला बोलावत नाही गं आता."

"मग?"

"तुला विचारते. 'माझी थालिया कुठे गेली? ती पाणी द्यायची. तिचा पत्ता सांग, मी तुला परत त्रास देणार नाही.' रोज हेच म्हणते. महिनाभर मी नुसतं ऐकून इंटरकॉम ठेवून द्यायचे. काल उत्तर दिलं."

थालियाला ते ऐकायचं नव्हतं. तरी तिने विचारलं.

"ताई... तू काय सांगितलंस?"

पलीकडे मिर्सिनीचं रडणं थांबलं.

नुसता श्वास ऐकू येत राहिला...

आणि मग तिने फोन ठेवून दिला.